दूध-भात घालून मांजराला जैन करता येत नाही



आजचा लेख काहीजणींना आवडणार नाही. मागच्या महिन्यात स्वाध्यायाला जमलो असताना एका वहिनींनी अभिमानाने सांगितलं, "आमची मनी अगदी शाकाहारी हो! दूध-भात, तूप लावलेली चपाती, बास." सगळ्यांनी कौतुक केलं. मी गप्प बसले. गप्प बसले याचीच लाज वाटली, म्हणून लिहायला बसले.

कारण आमची चिंगीही अशीच 'शाकाहारी' होती.

आषाढातल्या पावसात लेकीने ती उचलून आणली, तेव्हा मुठीत मावेल एवढी होती. आपलं घर म्हणजे आपलाच आहार, दुसरा विचार कुणाच्या मनात आला नाही. पातळ दूध, मऊ भात, कधी दही, कधी चपातीचा तुकडा. पोट गोल दिसायचं, आम्ही खूश. दिवाळीच्या आसपास ती ओट्यावर उडी मारेना. मग चालताना मागचे पाय डुलायला लागले. एके दिवशी मागचा भाग फरशीवर ओढत पुढच्या दोन पायांवर सरकत माझ्याकडे आली.

आम्ही काय केलं? जे आपल्या घरांत होतं तेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. कुणी म्हणालं, वात आहे, तेल चोळा. मी चोळलंही, ती ओरडली तरी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिर्यंच गती आहे, असातेचा उदय आला. भोगून संपवू दे." मी म्हणत राहिले, "कारण काही कळत नाही, अचानक झालं." पाच-सहा दिवस असेच गेले.

डॉक्टरांनी तपासून एकच प्रश्न विचारला, "खायला काय देता?" मी ताठ मानेने सांगितलं, "आम्ही जैन आहोत, दूध-भात." त्यांनी एक्स-रे लावून दाखवला. हाडं मांसाहून जेमतेम पांढरी दिसत होती आणि एका मांडीच्या हाडाला चीर होती. ना पडली, ना कुणी मारलं. स्वतःच्या वजनाने हाड चिरलं होतं. त्यावर मी तेल चोळत होते!

तुम्ही म्हणाल तेच मीही म्हणाले, "अहो, दुधात कॅल्शियम असतं की!" असतं. पण भाताच्या ढिगावर चार चमचे पाणी घातलेलं दूध वाढत्या पिल्लाला पुरत नाही. धान्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी. शिवाय आपण उन्हात बसलो की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, तसं मांजराला पुरेसं करता येत नाही. ते त्याला अन्नातूनच लागतं. ते नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियमही नीट अंगी लागत नाही. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर स्वतःचीच हाडं पोखरतं. पाय आणि पाठीचे मणके खचू लागतात.

बाकीचंही ऐका. गाजरातून अ जीवनसत्त्व आपण बनवतो, मांजर बनवू शकत नाही. टॉरिन नावाचा पदार्थ त्याला प्राणिज अन्नातून किंवा मुद्दाम घालूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे जातात. हृदय दुबळं होतं, हे 1987 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. मांजर मांस खातं ते चवीसाठी किंवा वाईट संस्कारांमुळे नाही. त्याचं शरीरच तसं आहे. तिर्यंचाला त्याच्या गतीप्रमाणे देह मिळतो, हे आपणच शिकवतो ना? मग ताटलीतल्या भाताने तो देह बदलेल, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

आता शास्त्राचंच बोलू. दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाचवा कुणाला थांबून वाचावासा वाटला? आश्रित जिवाचं अन्नपाणी रोखणं. आपल्याला वाटतं, म्हणजे उपाशी ठेवणं. मी विचारते, जे अन्न त्या देहाला अन्नच नाही त्याने पोट भरून ठेवलं, तर ते काय झालं? पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी आपण पाणी गाळतो. आणि मांडीवर बसलेल्या पंचेंद्रिय जिवाची हाडं आपल्याच ताटलीमुळे मोडतात. प्रमादाने प्राणांना पीडा झाली की ती हिंसाच. 'माहीत नव्हतं' हे पहिल्या दिवशी चालेल. एक्स-रे पाहिल्यावर नाही.

आणि कर्माचा उदय? असेल तिचा. पण निमित्त मी होते, आणि त्या निमित्ताचा बंध मला. नातवाला ताप आला की आपण 'भोगून संपवू दे' म्हणत नाही, रिक्षा बोलावतो. कर्मसिद्धांत मांजरापुरता बाहेर काढायचा, हा धर्म नाही, आळस आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. "मग काय मांसाचं खाद्य घरात आणायचं? कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही दोष लागतील." बरोबर आहे. लागतो दोष. मी तो नाकारत नाही. म्हणूनच तर आपल्या श्रावकाचाराने हिंस्र प्राणी पाळणं अनर्थदंडात धरलं. पूर्वजांना मांजर कळत होतं, ते आपल्यासारखे स्वतःची फसवणूक करत नव्हते. दिल्लीला लाल मंदिराच्या आवारातलं पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय बघा. शाकाहारी पक्षी तिथे दाखल करून घेतात. शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण ठेवून घेत नाहीत. उपचार नाकारायचा नाही आणि घारीला दाणे घालून तिला धार्मिकही करायचं नाही. याला म्हणतात विवेक.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांना ते खाद्य घरात नको, त्यांनी मांजर पाळू नये. पिल्लू दारात आलं तर ऊब द्या, डॉक्टरांना दाखवा आणि जिथे त्याला त्याचं अन्न मिळेल अशा घरी द्या. ही सुद्धा जीवदयाच. पण लेकरांच्या हौसेसाठी ठेवून घेतलं, तर मग त्याचं अन्न द्या. बाहेर देशांत टॉरिन वगैरे घालून केलेलं शाकाहारी मांजरखाद्य निघालं आहे. पण वाढत्या पिल्लावर तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नका. घरच्या दूध-भाताला तर ते नाव मुळीच देऊ नका.

आणि पाय लुळे पडले तर एवढं लक्षात ठेवा. तेल चोळू नका. मनाने कॅल्शियमची पावडर घालू नका. माणसाची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, कधीही देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकतं. मागचे पाय एकाएकी गेले, पंजे गार पडले, मांजर किंचाळतंय किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच तासाला न्या. पडल्याने, मणक्याच्या दुखण्याने, इतर आजारानेही पाय जातात, म्हणून निदान डॉक्टरांचं. मात्र त्यांनी विचारायच्या आधी स्वतःच सांगा, ताटलीत काय होतं ते. खरं सांगा.

चिंगीला दीड महिना पिंजऱ्यात, उड्या न मारू देता ठेवलं. पिल्लांचं पूर्ण आहाराचं खाद्य सुरू केलं. आता ती चालते, ओट्यावर चढते. पण ओटीपोटाची हाडं वाकली ती वाकलीच. शी करताना तिला त्रास होतो आणि तो जन्मभर राहील. मागच्या पडवीत तिचा वेगळा डबा आहे, वेगळा चमचा आहे. सासूबाई तिकडे फिरकत नाहीत, मी आग्रह करत नाही. त्या खाद्याचा दोष माझ्या नावावर आहे. प्रतिक्रमणात मी तो रोज म्हणते. त्याच्या आधी म्हणते तो दूध-भाताचा.

पुन्हा मांजर आणणार नाही, असा नियम घेतला आहे. चिंगी आहे तोवर मात्र तिची ताटली तिचीच असेल.

पुढच्या स्वाध्यायाला मी त्या वहिनींना हे सगळं तोंडावर सांगणार आहे. तुमच्याही ओळखीत एखादी 'शाकाहारी मनी' असेल. तिच्या मागच्या पायांकडे एकदा नीट बघा.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. पण लिहिलेलं मागे घेत नाही.