के. आर. पुरमला हजार खुर्च्या नकोत

उपनगरात कलाकेंद्र बांधायचे म्हटले की हजार खुर्च्यांच्या वातानुकूलित सभागृहाचा आग्रह आधी पुढे येतो. बंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरमसाठीही असेच म्हणता येईल: वस्ती अफाट वाढली, तेव्हा वास्तूही भव्य हवी, अंगण म्हणजे महागड्या जमिनीची नासाडी. हा विचार मुळातच चुकीचा आहे.

हजार खुर्च्या भरण्याची ताकद हौशी नाटक मंडळींकडे नसते. भाडे परवडत नाही म्हणून त्या बाहेर राहतात आणि सभागृह सत्कार-समारंभांपुरते उरते. उलट जुहूचे पृथ्वी थिएटर पाहा. वेद सेगन यांनी आखलेली ही वास्तू १९७८पासून जेमतेम दोनशे आसनांवर गाजते आहे. बंगळुरूतच जे. पी. नगरला रंगशंकरा आहे. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले शंकर नाग १९९०मध्ये गेले. त्यांचे स्वप्न अरुंधती नाग यांनी २००४मध्ये उभे केले. शारुख मिस्त्री यांच्या आराखड्यात आसने सव्वातीनशेच्या आसपास, आणि रंगमंच प्रेक्षकांमध्ये पुढे आलेला. नट आणि प्रेक्षक यांत अंतरच उरत नाही.

‘२०२३मध्ये मेट्रो आली, आता रंगशंकरालाच जा’ हेही पटत नाही. मॅजेस्टिकला गाडी बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचायचे, आणि प्रयोग वेळेवर सुरू झाल्यावर तिथे प्रवेश मिळत नाही. प्रेक्षक एखाद्या दिवशी एवढा प्रवास करील. पण तालीम रोजची असते. ती घराजवळच हवी.

गोंगाटाचा आक्षेप मात्र खरा आहे. रेल्वे, जुना मद्रास रस्ता आणि बाह्य वळणरस्ता या भागाला शांत बसू देत नाहीत. त्यावर उपाय आराखड्यातच आहे. जिने, कोठारे आणि रंगपट रस्त्याच्या बाजूला, नाट्यगृहाला जाड भिंती, अंगण आतल्या बाजूला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. इथल्या संध्याकाळी उघड्यावर बसण्याजोग्या असतात. पावसासाठी भोवती खोल ओसरी पुरे. चार्ल्स कोरिया यांनी भोपाळच्या भारत भवनात १९८२मध्ये अंगणे आणि गच्च्या यांभोवतीच सारी कलादालने गुंफली. तिथली मोकळी जागा वाया गेली, असे कोण म्हणेल?

म्हणून के. आर. पुरममध्ये आधी तालमीच्या खोल्या आणि अंगण आखावे, मग अडीच-तीनशे आसनांचे नाट्यगृह. कन्नड, तमिळ, तेलुगू, मराठी अशा साऱ्या मंडळींना परवडेल असे भाडे ठेवावे. कलाकेंद्राचे यश उद्घाटनाच्या गर्दीवर ठरत नाही. आठवड्यातल्या साध्या मंगळवारी तिथे किती खोल्यांत तालीम चालू आहे, यावर ठरते.