व्यासपीठ कोणाचे, पान कोणाचे?

नेतृत्वविकासाची कार्यशाळा भरवली, प्रमाणपत्रे वाटली, की तरुणांविषयीचे आपले कर्तव्य संपले, अशी आमच्या वाङ्मयविभागांची समजूत झालेली दिसते. वक्ता बोलतो, तरुण टाळ्या वाजवतो. असे नेतृत्व आम्हाला मान्य नाही.

दाखला दूरचा नको. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. मराठवाडा तेव्हा निजामी राजवटीतून नुकताच सुटला होता. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः दलित नव्हते. त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि १९५५ साली बाबासाहेबांसमोर ते सादर केले विद्यार्थ्यांनी. पुढे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून परतले, ते तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांची ओळख घेऊन. आपले जगणे हाही वाङ्मयाचा विषय आहे, हे खेड्यातून आलेल्या मुलाला सदाशिव पेठेने नव्हे, हार्लेमने सांगितले. (पुण्याच्या आधी न्यूयॉर्क लागावे, हा काही भूगोलाचा दोष नव्हे.)

१९६७ साली 'अस्मिता' निघाले, वर्षभरात त्याचे 'अस्मितादर्श' झाले. संपादक गंगाधर पानतावणे यांचा परिचय आज २००९ च्या सॅन होजे येथील विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून करून दिला जातो. आमच्या मते त्यांचे खरे अध्यक्षपद त्या त्रैमासिकाच्या पानांवर होते. २०१८ साली त्यांचे निधन झाले. तोवर कितीतरी नवख्यांना तेथे जागा मिळाली होती. लेखक-वाचक मेळाव्यांत हे नवखे समोर बसून केवळ ऐकत नव्हते, बोलतही होते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: तेथे कच्चे लेखनही छापले गेले. गेले असेल! पण कच्चे छापण्याचा धोका कोणीच पत्करला नसता, तर पिकलेले आले असते कोठून? कसोटी लावणारे संपादक मराठीला कधीच कमी पडले नाहीत; कमी पडले ते वाट पाहणारे.

आज आमचा संशोधक विद्यार्थी शुल्क भरून निबंध छापतो, शुल्क भरून चर्चासत्रात पाच मिनिटे वाचतो. संधी देणे तर राहिलेच, आम्ही ती विकू लागलो आहोत. शंका असेल त्याने आपल्याच महाविद्यालयाचा वार्षिकांक उघडावा. आरंभी मान्यवरांचे संदेश, मग प्राध्यापकांचे लेख, मग स्नेहसंमेलनाची छायाचित्रे. विद्यार्थ्यांच्या कविता त्यानंतर, बारीक टाइपात, एका पानावर चार.