पेटणारा बर्फ आणि पोळपाटावरची पिठी

गेल्या महाशिवरात्रीच्या सुमारास आम्ही औंढा नागनाथास गेलों होतों. दर्शन आटोपून एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों. या गांवाजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ सालीं संमति दिली आहे. तेव्हां बोलणें साहजिकच शास्त्रावर आलें, आणि शास्त्रावरून घरांतल्या एका तंट्यावर. धाकटा नातू रसायनशास्त्र घेऊन एम्.एस्सी. झाला आहे. तेल, पाणी व वायु यांच्या मिश्रणांत अतिसूक्ष्म कण टाकून काय होतें, याचें चार-पांच वर्षें संशोधन करावें, असा त्याचा हेका. “तेलापाण्यांत धूळ कालवावयाची, याला का विद्या म्हणावयाचें? चालून आलेली नोकरी धर, असें तुम्हींच त्याला सांगा,” अशी आजोबांनीं आम्हांस गळ घातली.

ही धूळ कशासाठीं, हें समजल्यावांचून निवाडा करणें बरें नव्हे. म्हणून तो विषय वाचकांपुढें मांडतों.

पुरेशी थंडी व पुरेसा दाब मिळाला, कीं पाण्याचे रेणू एकमेकांस धरून पिंजरे बांधितात आणि मीथेनसारखा वायु त्यांत कोंडला जातो. या पदार्थास गॅस हायड्रेट म्हणतात. दिसावयास तो बर्फच. परंतु काडी लाविली तर पेटतो! साधें पाणी शून्य अंशाला गोठतें. हा बर्फ मात्र वातावरणाच्या सुमारें चाळीसपट दाबाखालीं चार अंश सेल्सिअसलाहि जमतो.

खोल समुद्रांत थंडी आणि दाब दोन्ही असतात, आणि विहिरींतून येणाऱ्या तेलाबरोबर पाणी व वायु येतातच. नळांत हा बर्फ धरला तर वाट बुजते. वायूच्या नळांत असे बुंधे बसतात, हें हॅमरश्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३४ सालीं दाखवून दिलें. २०१० सालीं मेक्सिकोच्या आखातांत एका विहिरीचा स्फोट होऊन अकरा माणसें दगावलीं व तेल समुद्रांत वाहूं लागलें. तें अडविण्यासाठीं सुमारें शंभर टनांचा लोखंडी घुमट दीड हजार मीटर खालीं सोडला, तोंच त्यांत हायड्रेट दाटलें आणि तो उपाय वायां गेला. आपल्या मुंबई हायचा समुद्र उथळ, म्हणून तेथें हें भय कमी; कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोरील खोल पाण्यांत तें अधिक. त्याच भागांत समुद्रतळाखालीं निसर्गानेंच सांठविलेलें हायड्रेट २००६ सालच्या मोहिमेंत आढळलें. पुढेंमागें तें इंधन म्हणून काढतां येईल काय, याचा शोध घेणारें ओ.एन्.जी.सी.चें केंद्र आपल्या पनवेलीस आहे.

बर्फ जमूं नये म्हणून नळांत मद्यार्काच्या जातीचीं रसायनें पुष्कळ ओतावीं लागतात. खर्च मोठा, आणि कांहीं विषारीहि. त्यांचें काम थोड्या सूक्ष्म कणांकडून होईल काय, हा नातवाचा प्रश्न. हे कण किती बारीक? त्यांचें माप नॅनोमीटर, म्हणजे मिलीमीटरचा दहालक्षावा भाग. पुष्कळदां ते वाळूच्याच जातीच्या सिलिकाचे असतात.

याचें मर्म स्वयंपाकघरांत सांपडेल. दाट पाकांत दोरा सोडला कीं त्यास खडीसाखर धरते. स्फटिकास बसावयास जागा मिळते. तसाच कांहीं कणांचा आधार मिळून हायड्रेट लवकर जमतें. उलट, कणकेचे गोळे पिठींत घोळले म्हणजे एकमेकांस चिकटत नाहींत. तेलांत विखुरलेल्या पाण्याच्या थेंबांभोंवतीं कणांचा असाच थर बसला, तर वायूला पाण्यापर्यंत पोंचण्यास अडथळा होतो, आणि थेंब गोठले तरी सुटे राहून तेलाबरोबर वाहून जातात. म्हणजे एकच धूळ कधीं साधक, कधीं बाधक! कणांस पाणी प्रिय कीं तेल, त्यांचा आकार केवढा, प्रमाण किती, यांवर सारें अवलंबून. म्हणूनच निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकमेकांशीं जुळत नाहींत. दोन्ही गुण उपयोगाचेच आहेत. नळ मोकळे ठेवावयाचे तर बाधक कण हवेत, आणि नैसर्गिक वायु बर्फाच्या रूपानें सांठवावयाचा तर साधक. कोणता कण केव्हां काय करील, हें नेमकें सांगणारा नियम अद्याप हातीं यावयाचा आहे. तो अंदाजानें मिळत नाहीं. वर्षानुवर्षें मापें घ्यावीं लागतात.

हें सर्व आम्ही आजोबांस सांगितलें. आजीबाई पोळपाटाशीं बसून ऐकत होत्या. “मग पिठी किती घ्यावयाची, तेंच हा शोधणार ना?” त्यांनीं विचारलें. याहून नेमका प्रश्न आम्हांसहि सुचला नसता.

संशोधनानें मुलगा धनवान् होईल, असें आश्वासन आम्ही देऊं शकत नाहीं. प्रयोग फसण्याचाहि संभव आहे. तथापि ज्या घरांत एका मिळवत्याच्या आधारानें दुसरा शिकतो, त्या एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग अशाच वेळीं व्हावयाचा. घरावर कर्ज नसेल, छात्रवृत्तींत त्याचा स्वतःचा खर्च भागत असेल, आणि दोन वर्षांनीं घरच्यांस प्रगति सांगण्याची त्याची तयारी असेल, तर वडिलांनीं आडवें येऊं नये, असें आमचें मत आहे. 

आजोबांनीं अद्याप होकार दिलेला नाहीं. मात्र नोकरीच्या पत्रास स्वीकृतीचें उत्तर धाडावयाचें होतें, तें त्यांनीं तूर्त थांबविलें आहे.