अंगण वाकडंच होतं

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण ज्याने कुणी रचली, त्याने वाकड्या अंगणात कधी नाचून पाहिलं नसावं. आमच्या रायफल क्लबमध्ये ती रोज ऐकू येते. मुलांना नेमबाजी शिकवताना मीही ती वर्षानुवर्षं वापरली. हा लेख त्या म्हणीविरुद्ध आहे, म्हणजे माझ्याही विरुद्ध.

पंधरा वर्षांची एक मुलगी क्लबात यायची. वडिलांची पिठाची गिरणी. स्वतःची रायफल घेणं शक्यच नव्हतं, म्हणून नवशिक्यांसाठी ठेवलेली क्लबची जुनी पॉइंट टू टू तिच्या वाट्याला आली. पवित्रा छान, श्वासावर ताबा चांगला, पण गोळ्या कागदभर विखुरलेल्या. एकदा म्हणाली, “सर, चाप किती ओढल्यावर गोळी सुटणार, तेच कळत नाही.” मी म्हणालो, “अगं, आधी बोट सुधार. बंदुकीला नावं ठेवू नकोस.” आठ महिन्यांनी तिचं येणं बंद झालं. पुढल्या वर्षी परवानाधारक कारागिराने ती रायफल उघडली. आत तेल सुकून डिंकासारखं झालेलं, सिअरची कड झिजलेली. चापाला वजनं टांगून पाहिली, तेव्हा अडीच किलोच्या आसपास तो सुटला. तोही सरळ नाही. आधी खरखर, मग अडकणं, मग पुन्हा सरकणं. मुलगी खरं बोलत होती.

ज्यांनी रायफल हातात घेतलेली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फायरिंग पिन दाबलेल्या स्प्रिंगच्या जोरावर उभी असते आणि तिला जो तुकडा अडवून धरतो, तो सिअर. चाप ओढला की सिअर बाजूला होतो आणि पिन सुटते. रिमफायर काडतुसात पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं, पिन त्या कडेवर आदळते. ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर असेल आणि चाप ओढताना पुढची साइट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी ढळली, तर गोळी सहा मिलिमीटर सरकते. पाच किलोची रायफल स्थिर धरायची आणि तिच्या निम्म्या वजनाइतका जोर एका बोटाने लावायचा, तोही कधी सुटेल हे माहीत नसताना! यात बोटाचा दोष किती आणि यंत्राचा किती, हे मी एकदाही मोजलं नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर असतं: ज्याच्यात गुण आहे तो कशानेही नेम धरतो. मग कोल्हापूरचं नाव निघतं. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं. दोघांचा मला अभिमान आहे. पण त्या पातळीच्या स्पर्धेत अडीच किलोचा खरखरता ट्रिगर घेऊन कुणी उतरत नाही. तिथले ट्रिगर शंभर-दीडशे ग्रॅमच्या आसपास सुटतात. २५ मीटर पिस्तुलाला किमान १००० ग्रॅमची अट आहे, १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची. ५० मीटर रायफलला किमान वजनाची अटच नाही. खेळाचे नियम जी मोकळीक देतात, ती मागणाऱ्या पोराला आम्ही ‘सबबी सांगतो’ म्हणतो. वर एकलव्याची गोष्ट ऐकवतो. सोसायचा उपदेश नेहमी ज्याच्याकडे काही नाही त्यालाच का? ज्याचे वडील जर्मन रायफल आणून देतात, त्याला ही गोष्ट सांगताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही सांगायला हवं. ट्रिगर सुधारणं म्हणजे तो फक्त हलका करणं नव्हे. शिकणाऱ्याला हवा असतो तो दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच जोराने, स्वच्छ सुटणारा ट्रिगर. तसा सव्वा किलोचा चालेल, लहरी अर्ध्या किलोचा नको. सिअरची पकड नको तेवढी कमी केली, तर बोल्ट जोरात बंद करताना किंवा रायफल आपटताना गोळी सुटू शकते. घरी बसून कानस चालवणं हा तर मूर्खपणा आहेच आणि गुन्हाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. काम जाणकाराकडूनच करून घ्यावं आणि नंतर बोल्ट आपटून, कुंद्यावर ठोकून तपासावं. रिकाम्या रायफलनेच.

आमच्या रायफलचं काय झालं? सफाई झाली, सिअर आणि स्प्रिंग बदलली. नव्या दुर्बिणीपेक्षा पुष्कळ कमी खर्च आला. तरीही क्लबांची पहिली खरेदी दुर्बीण किंवा नवी नळीच असते, कारण ती पाहुण्यांना दाखवता येते. ट्रिगर आत असतो. शिवाय कितीतरी जुन्या रिमफायर रायफली रिकाम्या चालवल्या, तर पिन चेंबरच्या कडेवर आदळून ती ठेचते, म्हणून गोळीशिवाय सराव करायला बंदी. म्हणजे ज्या पोराला गोळ्या परवडत नाहीत, त्याला तो वाईट ट्रिगर ओळखीचा करून घेण्याचीही सोय नाही.

माझी मागणी साधी आहे. क्लबच्या प्रत्येक रायफलच्या ट्रिगरचं वजन दर सहा महिन्यांनी मोजून नोंदवहीत लिहा आणि ती वही मुलांना पाहू द्या. “बोट सुधार” म्हणण्याआधी शिकवणाऱ्याने त्याच रायफलने दहा गोळ्या मारून दाखवाव्यात. ती रायफल उघडण्याआधी मी हे कधीच केलं नव्हतं. दुरुस्तीच्या आदल्या दिवशी केलं. माझाही कागद तिच्यासारखाच झाला.

तिच्या वडिलांच्या गिरणीवर जाऊन मी हे सांगितलं. ती आता कॉलेजात आहे म्हणाले. “तिला वाटतं, तिचा हातच नेमाचा नाही.”