हलकं विणकाम, भारी विणकाम

मुलांनो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचे शेतकरी हलकं धान लावतात आणि भारीही. हलकं दिवाळीच्या सुमारास हाती येतं, भारीला थांबावं लागतं. विणकामाचंही तसंच करा. धाकट्या भावाचा स्वेटर हे भारी काम. रोवणीच्या दिवसांत टाके घाला. पोळ्यापर्यंत पाठ, दसऱ्यापर्यंत पुढचा भाग, दिवाळीच्या सुट्टीत बाह्या. माप मात्र दोन बोटं सैल घ्या; थंडी येईपर्यंत तोही वाढणार ना! मध्येच कंटाळा आला, तर वेगळ्या सुयांवर कानटोपी विणा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की लोकर हाताला नकोशी होते. तेव्हा सुती दोऱ्याचा रुमाल बरा. पण एका वेळी एक भारी, एक हलकं, बस! तिसरं काढलंत, तर भाऊ थंडीत कुडकुडेल.