सुटलेल्या कैद्याची दुसरी शिक्षा

अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेल्या माणसाला काम मिळवून द्यावे, राहावयास जागा पाहून द्यावी, प्रसंगी हातगाडीपुरते भांडवलही द्यावे, असे कोणी म्हटले की आपल्या सुशिक्षित समाजात जे आक्षेप हटकून निघतात ते इतके ठरीव झाले आहेत, की त्यांचा पूर्वपक्ष मांडण्यास फारसे श्रम पडू नयेत. पदवी घेऊन बसलेल्या मुलाला नोकरी नाही, कर्जात बुडालेल्या कास्तकाराला कोणी दमडी देत नाही, आणि ज्याने दुसऱ्याचे घर फोडले त्याचे घर मात्र सरकारने उभारून द्यावे काय, हा पहिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तेव्हा ही सारी खटपट व्यर्थ, हा दुसरा. ज्याचे नुकसान झाले त्या फिर्यादीकडे कोणी ढुंकून पाहत नाही, मग आरोपीचेच एवढे कोडकौतुक कशाला, हा तिसरा. हे आक्षेप दुष्टबुद्धीने घेतले जातात असे मी मानत नाही. तिसरा तर अर्ध्याहून अधिक खरा आहे. परंतु तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही, की न्यायाधीशाने लिहिलेली शिक्षा कारागृहाच्या दाराशी समाप्त होते. माझे प्रतिपाद्य असे, की त्या दाराबाहेर दुसरी एक शिक्षा सुरू होते, जी कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते, जिला मुदत नसते आणि जिच्यावर अपील चालत नाही. आणि पुनःपुन्हा घडणाऱ्या गुन्ह्यांपैकी पुष्कळसे या दुसऱ्या शिक्षेच्या पोटी जन्माला येतात.

पहिला आक्षेप घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो कैदी असतो तो सिद्धदोष दरोडेखोर असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते, आणि त्यांतले शेकडा ७५ हून अधिक न्यायाधीन होते. म्हणजे त्यांच्यावरचा आरोप अद्याप शाबीत व्हावयाचा होता. यांतल्या कित्येकांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळालेला नसतो. कारण जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, सातबारा लागतो, आणि ज्याच्या बापाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोर्टाची पायरी चढणारा सोयरा विरळाच. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी गरिबाकडे दहा हजारांचा जामीनदार मागणाऱ्या हुकुमावर कडक ताशेरे ओढले, त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले, आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, २०२३ मध्ये, केंद्र सरकारने गरीब न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची योजना काढली. आपल्याकडे करुणा दप्तरातून बाहेर पडावयास एवढा वेळ लागतोच.

दर्यापूरकडचा एखादा सालदार घ्या. सालाचा सौदा गुढीपाडव्याला ठरतो, त्या वेळी मालकाकडून उचल घेतली जाते, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत गडी बांधला जातो. असा गडी विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरल्याच्या संशयावरून पौषात आत गेला आणि श्रावणात सुटला, म्हणजे काय होते? त्याच्या जागी पाडव्यालाच दुसरा गडी लागलेला असतो. घेतलेली उचल अंगावर तशीच असते. बायको लेकरे घेऊन माहेरी, नाहीतर पुण्याकडे बांधकामावर गेलेली असते. शिधापत्रिका कोणाकडे आहे याचा पत्ता नसतो. आणि मोबाईल मुद्देमालात अडकल्यामुळे ज्याला फोन करावा त्याचा नंबरही हाताशी नसतो. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत जावे तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावयास सांगतात. गावात कोंबडी चोरीस गेली तरी चौकीतून पहिले बोलावणे त्यालाच येते. या अवस्थेत जो त्याला कोणताही कागद न मागता जवळ करतो, चहा पाजतो, रात्री निजावयास जागा देतो आणि उद्याच्या 'कामाची' गोष्ट काढतो, तो त्याचा बराकीतला सोबती असतो. पदवीधराच्या हक्काची नोकरी या माणसाला द्या असे कोणी म्हणत नाही. त्या सोबत्याच्या आधी दुसऱ्या कोणीतरी त्याला गाठावे, एवढेच म्हणणे आहे. आणि त्याला येणारा खर्च, तो पुन्हा आत गेल्यावर त्याला पोसण्यास, राखण्यास आणि तारखांना नेण्या-आणण्यास जो खर्च येतो, त्याहून थोडाच असणार.

आता सुंभाच्या पिळाकडे वळू. गुन्हेगारी रक्तातच असते, या सिद्धांताची परीक्षा आपल्या देशात घरबसल्या तर्काने नव्हे, कायद्याच्या बळावर, ऐंशी वर्षे घेऊन झालेली आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची सोय केली. अशा जमातींच्या माणसांना हजेरी, गाव सोडावयास परवाना, आणि जागा बदलली की चौकशी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. ऐंशी वर्षांच्या या पाळतीने गुन्हे संपले असते तर आक्षेपकांचे म्हणणे मी मुकाट्याने मान्य केले असते. झाले असे, की कायदा गेला आणि संशय राहिला. वऱ्हाडातला फासेपारधी तितर-ससे धरून पोट भरत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ती योग्यच झाली, पण फासे टाकून त्याने हातात काय घ्यावे याचा विचार त्या कायद्यात कोठेच नव्हता. जमीन नाही, दाखला नाही, कला निरुपयोगी, आणि तांड्यावर पोलीस ठरलेले: एवढी सामग्री जमल्यावर ज्याला आपण रक्ताचा दोष म्हणतो तो कोणत्याही रक्तात उत्पन्न होईल. याउलट, नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे त्याच समाजातल्या मतीन भोसले या शिक्षकाने नोकरी सोडून २०१२ साली पारध्यांच्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा काढली. पीळ जन्मजात असता तर त्या शाळेतल्या बाकांवर तो दिसावयास हवा होता. आणि कारागृहांच्या नियमावल्यांतून जातीवर कामे वाटण्याची आणि विमुक्त जमातींना सराईत समजण्याची कलमे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवावी लागली, यावरून तो सिद्धांत अजून किती ठिकाणी दबा धरून बसला आहे हे कळते.

फिर्यादीविषयीचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. ज्या म्हातारीच्या गळ्यातली पोत तुटली तिला आपल्या न्यायव्यवस्थेने साक्षीच्या तारखांखेरीज काहीच दिले नाही, हे खरे आहे. पण तिला भरपाई देणार कोण? १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला रास्त मजुरी द्यावी आणि तिच्यातला वाटा पीडितांसाठी काढून ठेवावा, असे सांगितले. त्यातले मर्म हे, की जो कमावतो तोच भरून देऊ शकतो. रिकाम्या हाताच्या माणसाकडून म्हातारीला शिव्याशापाखेरीज काय मिळणार? आणि तिच्या शेजारणीची पोत उद्या तुटू नये, हेही तिच्याच हिताचे आहे.

तुरुंगाची भीती नष्ट होईल, असेही काहीजण म्हणतात. ज्याला बाहेर दोन वेळचे अन्न नाही त्याला भिंतीची भीती किती, हे त्यांनी अकोल्याच्या फलाटावर निजणाऱ्यांना विचारावे.

मग करावे काय? वऱ्हाडाला हा धडा परमुलखातून आणावयास नको. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभारले, तेव्हा महारोग्याला भीक घालण्यात पुण्य मानणारा समाज त्याला शिवावयास तयार नव्हता. पटवर्धनांनी त्याच्या हाती काम दिले. कैद्यांच्या बाबतीत त्याहूनही आधी, १९३९ साली, औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची बिनभिंतीची वसाहत निघाली. तिच्यावरून पुढे शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' काढला, आणि तो पाहून डोळे पुसणाऱ्या कित्येक गृहस्थांनी घरी परतल्यावर सुटून आलेल्या माणसाला खोली भाड्याने दिली नाही. मोर्शीचे खुले कारागृह त्याच परंपरेतले आहे. तेथे बंदी शेतीत राबतात.

परंतु येथेच एक विपरीत गोष्ट नजरेस येते. मोर्शीला जातो तो दीर्घ मुदतीचा, चांगल्या वर्तणुकीचा सिद्धदोष बंदी; २०२२ साली येरवड्यात राज्य सहकारी बँकेच्या मदतीने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देणारी 'जिव्हाळा' योजना निघाली, तीही शिक्षा भोगणाऱ्यांसाठी. खून केलेल्याला कारखान्यात सुतारकाम शिकावयास मिळते, मजुरी साठते, अभिवचन रजेवर घरचा उंबरा दिसत राहतो. सहा-आठ महिने कच्च्या कैदेत काढणाऱ्या केबलचोराला मात्र काम नाही, म्हणून मजुरी नाही, म्हणून सुटताना खिसा रिकामा. आणि परत येण्याचा धोका सर्वांत अधिक त्याचाच. सुधारणेची सारी सामग्री ज्याला तिची निकड कमी त्याच्या वाट्यास गेली आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' १९९० पासून मुंबईत आणि 'वऱ्हाड' हेच नाव धारण करणारी संस्था अमरावतीत या विसरलेल्या बंद्यापर्यंत आणि त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचण्याची खटपट करतात. ते काम संस्थांच्या भलेपणावर न सोडता जिल्ह्याच्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे माणसे आणि पैसा देऊन सोपवावे: आत असतानाच आधार, शिधापत्रिका आणि बँकेचे खाते यांची तजवीज, घरी कोणी जाऊन बायको-भावाशी बोलणे, सुटकेच्या दिवशी दारात एक माणूस, आणि पाडव्याच्या सौद्यांपूर्वी, माघातच, मालकांशी बोलणी.

राहिला मालक. अकोल्याच्या डाळमिलवाल्याचा प्रश्न सरळ असतो: माझ्या गोदामातून पोती गेली तर जबाबदार कोण? संस्थेने किंवा सरकारी खात्याने पहिल्या वर्षाची हमी घ्यावी, आणि हमीपत्रात रकमेचा आकडा असावा, हे त्याचे म्हणणे मी वाजवी समजतो. पण त्याच्या फलाटावर आज जे हमाल ठेकेदारामार्फत राबतात, त्यांतला कोण कोणत्या कारागृहातून आला आहे याची त्याने कधी विचारपूस केलेली नाही. त्यांच्यापैकी ज्याने आपली हकीकत आपण होऊन सांगितली त्याला तो फाटकावरून परत पाठवतो, आणि ज्याने ती लपविली त्याच्यावर रात्रीच्या पाळीची राखण सोपवून निर्धास्त घरी जातो.