मोड नसलेला माल

लग्नसराई तोंडावर आली की आपल्या दुकानांत दोन प्रकारचे गिऱ्हाईक वाढते. एकाला जावयासाठी नाव असलेले घड्याळ हवे असते. दुसऱ्याला दोन-तीन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले घड्याळ काढून टाकायचे असते. दोघांचा प्रश्न मात्र एकच असतो : ‘विकायला काढले तर याचे किती येतील?’

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. इथल्या दोन पिढ्यांनी जे जे धरून ठेवले ते वाढलेलेच पाहिले. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आणि बजाज आल्या, आणि त्यांच्या मागोमाग लघुउद्योगांचे गाळे उभे राहिले. पुढे चाकणला बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा आल्या आणि गुंठ्याचे भाव कुठल्या कुठे गेले. जमिनीचा पैसा सोन्यात गेला, सोनेही वाढले. भोसरीचा सोन्याचा शर्ट देशभर गाजला तेव्हा लोक हसले, पण त्या शर्टाला वजन होते आणि वजनाला भाव होता. आता त्याच पैशाचा काही भाग मनगटावर येतो आहे. जमीन, सोने आणि तिसरे घड्याळ, अशी रांग गिऱ्हाईकाने मनात लावली आहे.

घड्याळ त्या रांगेत बसत नाही. आणि बसते असे सांगून माल खपवणारा दुकानदार आपल्याच धंद्याच्या मुळावर घाव घालतो आहे. या अंकात हे स्पष्ट बोलायचे ठरवले आहे.

सराफाकडे दागिना मोडायला नेला तर घडणावळ जाते, घट धरली जाते, पण सोन्याचा भाव मिळतोच. घड्याळाला अशी मोड नसते. पोलादी घड्याळ पट्ट्यासकट दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले तर स्टेनलेसच्या भंगाराचे काही रुपये येतील. बाकी सगळी किंमत नावाची, मागणीची आणि कागदाची. सोन्याच्या घड्याळाला थोडाफार तळ असतो, पण तिथेही सोने बहुधा 18 कॅरटचे, म्हणजे हजारात 750 भाग, आणि मशीन, काच, डायल वजा केल्यावर हातात राहील तेवढेच. गेल्या काही वर्षांत सोने चढल्यामुळे फारसे नाव नसलेल्या कंपन्यांची जुनी सोन्याची घड्याळे वितळवण्याच्या भावाजवळ आली आहेत. म्हणजे तिथेही भाव सोन्याचा वाढला, घड्याळाचा वाढलेला नाही.

मग घड्याळात पैसे झाले म्हणतात ते कुणाचे झाले? गिऱ्हाईक मोबाइलवर जे आकडे दाखवते ते आपल्या ओळखीचे असतात. ऑक्टोबर 2017 मध्ये अभिनेता पॉल न्यूमनचे रोलेक्स डेटोना न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरला गेले. डिसेंबर 2021 मध्ये टिफनीच्या निळ्या डायलचे पाटेक फिलिप नॉटिलस तिथेच सुमारे 65 लाख डॉलरला गेले. पहिल्यात किंमत माणसाची होती. दुसरा लिलाव एका निसर्गसंवर्धन संस्थेच्या मदतीसाठी होता. यातला एकही आकडा चिंचवड स्टेशनच्या काउंटरवर उपयोगाचा नाही.

उपयोगाचा आहे तो 2021-22 चा धडा. टाळेबंदीत खर्च थांबलेला, कर्ज स्वस्त, आभासी चलनांचा पैसा हाती खेळता, आणि कंपन्यांचा पुरवठा तोकडा. रोलेक्सची काही पोलादी मॉडेले, ऑडेमार पिगेचे रॉयल ओक, पाटेकचे नॉटिलस शोरूमच्या यादीतल्या किमतीपेक्षा कितीतरी चढ्या भावाने हातोहात जाऊ लागली. पाटेकने पोलादी नॉटिलस 5711 बंद करायचे ठरवले आणि आगीत तेल पडले. 2022 च्या सुरुवातीला भाव शिगेला पोहोचले. मग व्याजदर वाढले, आभासी चलने कोसळली, आणि दोन वर्षांहून अधिक काळ जुन्या घड्याळांचे भाव उतरत राहिले. ज्यांनी यादीच्या किमतीला घेतले होते त्यांचे फारसे बिघडले नाही. शिखरावर दुसऱ्या हाताकडून घेणारे अडकले, आणि त्यांत दुकानदारही होते.

ही मॉडेले मूठभर आहेत. त्यांच्यासाठी शोरूममध्ये नंबर लावावा लागतो, आणि नंबर लवकर लागावा म्हणून आधी दुसरी दोन-तीन घड्याळे गळ्यात मारली जातात. त्या दोन-तीन घड्याळांतला तोटा धरला तर हव्या त्या घड्याळातला नफा बऱ्याचदा उरतच नाही. बाकी बहुसंख्य महागडी घड्याळे शोरूमचा उंबरा ओलांडताच उतरतात. हे आपल्याला पक्के ठाऊक असते, आणि तरीही आपल्यातले काही जण विकताना ‘इन्व्हेस्टमेंट आहे, साहेब’ म्हणतात.

आता आपल्या बाजूचा हिशेब मांडू. समजा, एक घड्याळ 10 लाखांना थेट विकत घेतले आणि सहा महिन्यांनी 11 लाखांना विकले. चारचौघांत आपण ‘लाख सुटले’ म्हणतो. कागदावर काय होते ते पाहा. जुन्या मालाच्या जीएसटीत, खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल, तर खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर लागतो. दर 18 टक्के. किंमत कर धरून सांगितली असेल तर लाखातले साधारण 15 हजार गेले. सर्व्हिसिंग, नवीन गॅस्केट, पाण्याची चाचणी यांचे 30 हजार धरू. 10 लाख सहा महिने अडकले, त्यांचे 12 टक्क्यांनी व्याज 60 हजार. बेरीज 1 लाख 5 हजार. लाख सुटले तर नाहीतच, उलट पदरचे पाच हजार गेले. जागेचे भाडे, विमा, मुलाचा पगार अजून धरलेलाच नाही.

हाच माल एका महिन्यात गेला असता तर व्याज 10 हजारांवर थांबले असते आणि 45 हजार हाती राहिले असते. म्हणजे या धंद्यात कमाई दोन गोष्टींवर ठरते : घेतलेला भाव आणि माल पडून राहिलेले दिवस. भाव वाढेल म्हणून माल कपाटात ठेवणारा दुकानदार व्यापारी उरत नाही, तो सट्टेबाज होतो. ज्याच्याकडे भांडवल बेताचे आहे त्याने महागडा माल विकत घेऊच नये, जांगड ठेवावा. माल गिऱ्हाईकाचा, दुकान आपले, ठरलेले कमिशन आपले. सराफी पेढ्यांनी हे केव्हाच ओळखले, आपण अजून लाजतो.

घेतलेला भाव बरोबर की चूक हे घड्याळ उघडल्यावर कळते. आपल्या पट्ट्यातल्या गिऱ्हाईकाचे दोन आजार तर रोज दिसतात. पहिला चुंबकाचा. कारखान्याचा मालक दिवसभर सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकजवळ वावरतो, हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू लागतात, आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे पळते. डीमॅग्नेटायझरवर हे काम काही क्षणांचे असते. अशा वेळी ‘मशीन गेले’ म्हणून भाव पाडणारे आपल्यात आहेत, हे मान्य करावे लागेल. एखाद्या गिऱ्हाईकाकडून असे 50 हजार सुटतील, पण त्याच्या मुलाकडे इंटरनेट आहे आणि त्याच्या ओळखीचे दोनशे कारखानदार आहेत.

दुसरा आजार पॉलिशचा. विकायला काढण्यापूर्वी ओळखीच्या बफिंगवाल्याकडून घड्याळ चकाचक करून आणले जाते. पट्टा अडकवायच्या शिंगांच्या धारा गोल होतात, घासलेल्या आणि चकचकीत पृष्ठभागांतली सीमारेषा पुसली जाते, आणि जाणकार खरेदीदार तिथेच पाठ फिरवतो. ओरखडे चालतात, धातू गेलेला चालत नाही. हे गिऱ्हाईकाला विकताना सांगायचे असते, परत आणल्यावर नाही.

कागदाचे तर काय सांगावे! हाच कारखानदार टेस्ट सर्टिफिकेट नसलेला पोलादाचा बार गेटच्या आत घेत नाही. हीट नंबर जुळला नाही तर अख्खा लॉट परत जातो. तोच माणूस 8-10 लाखांचे घड्याळ विनाकार्ड, विनाबिल, ‘दुबईहून आणले’ एवढ्या शब्दावर घेतो. आपण त्याला त्याच्याच भाषेत समजावले पाहिजे : सीरियल नंबर, वॉरंटी कार्ड, मूळ बिल आणि सर्व्हिसचे कागद हेच घड्याळाचे टेस्ट सर्टिफिकेट.

बिल नसलेल्या परदेशी घड्याळाचा धोका केवळ भावाचा नाही. 1962 च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम 123 सोन्याला लागू आहे तसेच घड्याळांनाही आहे. चोरट्या आयातीचा माल असल्याच्या सबळ संशयावरून घड्याळ जप्त झाले, तर ते तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडले त्याच्यावर येते. ‘मला गिऱ्हाईकाने दिले’ हे उत्तर पुरत नाही. चोरीच्या मालाचेही तसेच. चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 317 आहे. बाजारभावाच्या निम्म्याने मिळणारे घड्याळ हे असे कारण ठरू शकते. म्हणून विकणाऱ्याचे ओळखपत्र, पॅन, सीरियल नंबरचा फोटो आणि सहीचे खरेदीपत्र याशिवाय माल घेऊ नये. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायची नाही हा नियम जुना झाला. 22 एप्रिल 2025 पासून 10 लाखांवरच्या मनगटी घड्याळावर 1 टक्का टीसीएसही आला. तो वसूल करायला आपली पेढी बांधील आहे का, हे आपल्या सीएला आजच विचारा.

कागदाची हेळसांड महाराष्ट्राला आधीच महागात पडली आहे. फाव्र-ल्यूबा कंपनी 1865 मध्ये मुंबईला आली आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत तिची घड्याळे वापरली गेली. एवढी जुनी परंपरा असलेल्या शहराचे नाव आज जगभरच्या शौकिनांत कशासाठी घेतले जाते? ‘मुंबई स्पेशल’साठी. डायल नव्याने रंगवलेले, काटे एकाचे, मशीन दुसऱ्याचे, केस तिसऱ्याची, आणि वर्णन ‘अस्सल जुने’. टेल्को-बजाजच्या पिढीने अभिमानाने बांधलेल्या एचएमटीचीही गत तीच. बंगळूरच्या कारखान्यात 1961 साली सिटिझनच्या मदतीने सुरू झालेला तो उद्योग 2016 मध्ये थांबला आणि जुन्या मालाला मागणी आली. लगेच एचएमटी पायलट अशा रंगांत मिळू लागले जे कारखान्याने कधी काढलेच नव्हते. डायल रंगवणे हा गुन्हा नाही, ते उत्तम कारागिराचे काम आहे. पावतीवर ‘रीडायल’ असे न लिहिणे ही फसवणूक आहे. एका ओळीचा आळस आपण केला आणि अख्ख्या शहराचे नाव गेले.

मोठ्या कंपन्या ही पोकळी भरत आहेत. रोलेक्सने डिसेंबर 2022 मध्ये बुखररच्या दुकानांतून स्वतः प्रमाणित केलेली जुनी घड्याळे दोन वर्षांच्या हमीसह विकायला घेतली आणि पुढच्याच वर्षी बुखरर कंपनीच विकत घेण्याचे जाहीर केले. आपल्याकडे एथॉस ‘सेकंड मूव्हमेंट’ या नावाने जुन्या मालाचा व्यवसाय करते. ते विकतात ती हमी. घड्याळ तर आपल्याकडेही आहे.

आणखी एक बदल दारात आहे. स्वित्झर्लंडसह चार ‘एफ्टा’ देशांशी 10 मार्च 2024 रोजी झालेला करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरचे 20 टक्के मूळ आयात शुल्क त्यानुसार सात वर्षांत टप्प्याटप्प्याने जायचे आहे. शोरूममधला नवा माल किती उतरेल हे कंपन्या आणि रुपयाचा भाव ठरवतील. पण चढ्या शुल्काच्या काळात घेतलेला जुना माल ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी तो आणखी चढेल या आशेवर बसू नये.

तेव्हा या लग्नसराईपासून प्रत्येक सभासदाने तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. ‘गुंतवणूक’ हा शब्द काउंटरवरून हद्दपार करावा. घड्याळ विकायला आलेल्या प्रत्येकाला लेटरहेडवर तीन आकडे लिहून द्यावेत : आज थेट विकत घेतले तर किती देऊ, जांगड ठेवल्यास अंदाजे किती येतील, आणि सर्व्हिसिंगला किती लागतील. आणि विकलेल्या प्रत्येक जुन्या घड्याळाच्या पावतीवर काय बदलले, काय रंगवले, कशाला पॉलिश केले ते नोंदवावे.

यात सुरुवातीला काही गिऱ्हाईक तुटेल. ज्याला खोटा आकडा ऐकायचा आहे तो शेजारच्या दुकानात जाईल, जाऊ द्या. घड्याळ हौसेने घ्यावे आणि वापरावे. त्यातून कमाई करायची ती दुकानदाराने, आणि तीही योग्य भावात घेऊन, लवकर विकून, सगळे कागदावर लिहून. याखेरीज दुसरा मार्ग या धंद्यात टिकलेला आम्ही पाहिलेला नाही.